पळी कोणाच्या हातीं दिली?

पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशांत २०१८ सालीं एक गोष्ट घडली. तिची वार्ता आपल्याकडे फारशी कोणाच्या कानावर आली नाहीं. आली असती तरी लोकांनीं ‘असेल कांहींतरी’ म्हणून पान उलटलें असतें. कारण तींत मारामारी नव्हती, निवडणूक नव्हती, कोणाचें सिंहासन हाललें नव्हतें. १९८० सालापासून त्या देशाच्या दुष्काळी भागांतील शाळांतून मुलांना दुपारचें जेवण पुरविणारी संयुक्त राष्ट्रांची ‘जागतिक अन्न कार्यक्रम’ ही संस्था त्या वर्षीं बाजूला झाली, आणि पंधरा लाखांहून अधिक मुलांच्या जेवणाची जबाबदारी केनियाच्या सरकारनें आपल्या अंगावर घेतली. एवढीच ती गोष्ट. ३८ वर्षें परक्यानें घातलेली पंगत घरच्यानें चालवावयास घेतली.

आम्हांस या गोष्टीचा आनंद आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. दुसऱ्याच्या भाकरीवर जन्म काढणें स्वाभिमानी माणसाला शोभत नाहीं, मग राष्ट्राला कोठून शोभेल? परंतु ‘सोंपविलें’ या शब्दाच्या पोटांत किती गोष्टी दडलेल्या असतात, हें ज्यानें भाऊबंदांच्या सामाईक विहिरीची वाटणी पाहिली आहे त्याला सांगावयास नको. विहीर सोंपविली; पण मोट कोणाकडे, नाडा कोणाचा, बैल कोण जुंपणार, पाळी चुकली तर दाद कोठें मागावयाची, याचा निकाल झाला नाहीं तर विहीर पाण्यानें भरलेली असून शेत वाळतें. केनियांतील पंगतीचेंही तसेंच आहे. पळी परक्याच्या हातून सुटली, हें सर्वांना दिसलें. ती नेमकी कोणाच्या हातीं गेली, हा आमचा प्रश्न आहे. आणि परदेशांत अन्नदान व विद्यादान करून एक दिवस निघून जाणाऱ्या प्रत्येक संस्थेला हाच प्रश्न विचारला पाहिजे.

आधीं दात्याविषयीं दोन शब्द. ही संस्था १९६१ सालीं स्थापन झाली, तिचें ठाणें रोम शहरीं आहे, आणि २०२० सालीं तिला शांततेचें नोबेल पारितोषिकही मिळालें. नांव मोठें, व्याप मोठा. पण तिच्या घरीं हक्काचें उत्पन्न एक पैचें नाहीं. तिचा सारा कारभार राष्ट्रांनीं व लोकांनीं आपखुषीनें दिलेल्या वर्गणीवर चालतो, आणि त्या वर्गणींत अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणजे संस्था जगाची असली तरी हातीं झोळीच. झोळी घेऊन फिरणाऱ्याचें पोट देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून, आणि त्या झोळींतून ज्याला घास मिळतो त्याचें पोट दुहेरी लहरीवर. केनियाच्या मुलांनीं ३८ वर्षें हा दुहेरी टांगणीचा घास खाल्ला.

तो घास केवढा? दर मुलामागें दररोज १५० ग्रॅम मका, ४० ग्रॅम घेवड्यासारखी कडधान्यें, ५ ग्रॅम तेल आणि चिमूटभर मीठ. मका आणि घेवडा एकत्र शिजवून तेथील लोक जें खातात त्याला गिथेरी म्हणतात. तीच बहुधा शाळेच्या हंड्यांत असते. एवढ्याशा वजनाला हंसण्यापूर्वीं तो मुलुख डोळ्यांपुढें आणावा. तुर्काना, मार्साबीट, वाजीर, मांडेरा ही उत्तरेकडील रखरखीत जमीन. उंट, शेळ्या, मेंढ्या यांच्या पाठीमागें पाण्यासाठीं हिंडणारी माणसें. तेथें पोर म्हणजे घरचें एक काम करणारें माणूस आहे. मुलगा करडें वळतो, मुलगी पाणी आणते. शाळा कोसभर लांब, आणि शाळेंत जाऊन अक्षरें मिळतात, पोटाला कांहीं नाहीं! अशा आईबापांना ‘विद्येविना मति गेली’ म्हणून कितीही कळवळून सांगितलें तरी त्यांच्या पुढें संध्याकाळचा प्रश्न उभाच असतो. पण शाळेच्या आवारांतून धूर निघूं लागला कीं तीच माणसें पोराला आपण होऊन पाठवितात. मुलगी शाळेंत राहते, कारण तिच्या वांट्याचें एक जेवण घरांत वांचतें. हें पोटाचें शास्त्र आहे, आणि त्याला नांवें ठेवणाऱ्यानें स्वतः एक आठवडा दुपारचें न जेवतां पाढे पाठ करून पाहावे.

याच देशांत १९७९ सालीं राष्ट्राध्यक्ष मोय यांनीं प्राथमिक शाळांतील मुलांना फुकट दूध देण्याची योजना काढली होती. मोय यांचें घोषवाक्य ‘न्यायो’, म्हणजे पाऊलखुणा. म्हणून लोक त्या दुधाला न्यायोचें दूध म्हणत. आज म्हातारपणाकडे झुकलेलीं माणसें त्या पाकिटांची आठवण काढतात. पण खजिना आटला तसें दूधही आटलें, आणि पुढें तें बंद पडलें. कोणा मुलाच्या बापानें कचेरींत जाऊन ‘माझ्या पोराचें दूध कोठें गेलें?’ असें विचारलें नाहीं. विचारणार कसा? तें दूध अध्यक्षसाहेबांनीं प्रेमानें दिलें होतें, आणि प्रेमानें दिलेल्या वस्तूचा हिशेब मागणें म्हणजे कृतघ्नपणा! दाता परकाच असला पाहिजे असें नाहीं. घरचा राजाही दानशूर होऊन बसला कीं रयतेची जीभ तशीच बांधली जाते.

आतां धान्याकडे वळूं. फार वर्षें हें धान्य परदेशांतून, बहुतेक अमेरिकेच्या मळ्यांतून, आगबोटीनें मोंबासा बंदरांत उतरत असे. पोत्यावर दात्याचें नांव, निशाण, सारें कांहीं ठळक. आपल्याकडील वयस्क वाचकांना हें चित्र नवें वाटणार नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील खडी फोडणाऱ्या हातांना अमेरिकेची तांबडी मिलो आणि सुकडी मिळाली होती. ती खाऊन जगलेलीं माणसें अजून हयात आहेत. त्या अन्नानें जीव वांचले. त्याबद्दल कोणी कुरकूर करूं नये. पण तीं माणसें हेंही सांगतील कीं पोत्याच्या रांगेंत उभें राहतांना मान खालीं जात असे.

केनियांत तर दुसरी एक मौज होती. देशाच्या पश्चिमेस ट्रान्स-न्झोइया, उआसिन गिशू हे मक्याचे कोठार म्हणवणारे परगणे. पीक बरें आलें कीं तेथील शेतकरी भाव पडला म्हणून कपाळाला हात लावी, आणि त्याच देशाच्या उत्तरेस शाळेंतील पोर समुद्रापलीकडचा मका खाई. घरचें खळें भरलेलें आणि ताटांत परक्याचें धान्य! ही विसंगति ज्यांना खटकली त्यांनीं २००९ सालीं एक शहाणपणाचा मार्ग काढला. सुमारें ५ लाख ४० हजार मुलें सरकारनें आपल्याकडे घेतलीं, आणि त्यांच्यासाठीं पोतीं न पाठवितां शाळेच्या खात्यांत रोकड पैसा पाठविण्यास सुरुवात केली. त्यापुढें दरसाल सुमारें ५० हजार मुलें परक्या पंगतींतून घरच्या पंगतींत बसवावयाचीं, असा करार ठरला. एकदम हात काढून घेतला नाहीं, हें दात्याच्या शहाणपणाचें दुसरें लक्षण. पोहावयास शिकविणारा कमरेचा सुंभ एकाच दिवशीं सोडीत नाहीं.

या घरगुती योजनेची रीत आम्हांस फार आवडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतों. शाळेंत एक समिति असावयाची. तींत मुख्याध्यापक, शिक्षक आणि मुलांचे आईबाप. सरकारचा पैसा आला कीं समितीनें किती मका, किती घेवडा, किती तेल लागेल याचा हिशेब करावयाचा आणि नोटीस काढावयाची. ती नोटीस राजधानींतील इंग्रजी वर्तमानपत्रांत नव्हे. शाळेच्या दारावर, बाजारांत, जेथें चार माणसें जमतात तेथें. ज्याला माल घालावयाचा असेल त्यानें भाव लिहून द्यावा. ते भाव सर्वांसमक्ष उघडावयाचे. माल आला कीं समितीनें तो मोजून, पाहून, हुंगून घ्यावयाचा. किती आला, किती शिजला, किती उरला, याची वही शाळेंतच. ज्या बाईला आपलें नांव लिहितां येत नाहीं तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मुलाच्या मक्याचा सौदा होतो, आणि घेवड्याला किडा लागला असला तर ती तेथल्या तेथें ‘हा माल परत न्या’ म्हणूं शकते. आमच्या मतें त्या देशांतील कित्येक भाषणांपेक्षां ही वही लोकांना अधिक शिकवून गेली. पंधराशें कोसांवरून आलेल्या पोत्याला ‘परत जा’ म्हणण्याची छाती कोणाची होणार होती?

आमच्या एखाद्या चिकित्सक वाचकाला वाटेल कीं हें सारें कागदावर गोड आहे. खरें आहे, आणि तेंच आतां सांगावयाचें आहे.

पहिली अडचण पैशाची. केनियाच्या शाळेचें वर्ष जानेवारींत सुरू होतें, सरकारचें वर्ष १ जुलैला. तिजोरीला जेव्हां नवा अंदाजपत्रकाचा मुहूर्त लागतो तेव्हां शाळेचें वर्ष निम्मे संपलेलें असतें. त्यांतून हुकूम निघणार, तो खात्याखात्यांतून फिरणार, बँकेंत जाणार. तोंवर सत्राचे आठवडे निघून जातात. मूल मात्र तिजोरीच्या पंचांगाप्रमाणें भुकेजत नाहीं. पैसा उशीरां आला म्हणून हंडा रिकामा राहिल्याच्या तक्रारी या योजनेच्या जवळजवळ प्रत्येक तपासणींत आल्या आहेत. परक्या संस्थेचीं गोदामें होतीं तेव्हां उशीर झाला तर गोदामांतील धान्य आडवें येई. ती संस्था गेली, गोदामाची ऊब गेली. पण उशीर तेथेंच राहिला. चूल सोंपवितांना पुढल्या पावसाळ्याचें सरपणही सोंपवावें लागतें, हें घरांतील म्हातारी जाणते. मोठमोठ्या कचेऱ्यांना तें शिकवावें लागतें.

दुसरी अडचण व्यापाऱ्याची. शेतकऱ्याच्या नांवानें योजना निघाली, पण माल बहुतेक व्यापाऱ्यानें घातला. यांत आश्चर्य नाहीं. शाळेचा पैसा माल घातल्यावर कधींतरी येणार. दोन एकरवाला कुणबी तोंवर थांबूं शकत नाहीं, कारण त्याला बियाणें घ्यावयाचें आहे. थांबूं शकतो तो ज्याच्या पेटींत पैसा आहे तोच. शिवाय शाळेला पाहिजेत वीस-तीस पोतीं एकदम, एका प्रतीचीं, वाळलेलीं. एकटा लहान शेतकरी तीं कोठून आणणार? तेव्हां तो आपलीं दोन पोतीं पडत्या भावानें व्यापाऱ्यास देतो आणि व्यापारी तींच पोतीं चढ्या भावानें शाळेला घालतो. शेतकऱ्यांचे संघ बांधल्यावांचून, आणि त्यांना माल घातल्याबरोबर पैसा दिल्यावांचून, ‘घरच्या पिकाचें घरचें जेवण’ ही भाषा शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोंचत नाहीं. उत्तरेच्या वाळवंटांत तर शेतकरीच नाहीं. तेथें ट्रकवाला म्हणेल तो भाव.

तिसरी अडचण जिवावरची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललें जातें. ओलसर मक्याला बुरशी धरते आणि तिच्यांतून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. तें डोळ्यांना दिसत नाहीं, शिजवून जात नाहीं. २००४ सालीं केनियाच्या पूर्व भागांत, माकुएनी व कितुई या बाजूस, असला मका खाऊन १२५ माणसें मेलीं. बड्या संस्थेकडे धान्य तपासण्याचीं यंत्रें, प्रयोगशाळा, माणसें असतात. शाळेच्या समितीकडे काय असतें? दांताखालीं दाणा फोडून पाहणारी एक अनुभवी बाई. तिचा अनुभव अमोल आहे, पण या विषापुढें तो चालत नाहीं. मग कारभार तिच्या हातीं देतांना ओल मोजण्याचें साधें यंत्र तिच्या हातीं कां देऊं नये? तें न देतां ‘आतां सर्व तुमचें’ म्हणणें म्हणजे विहीर देऊन नाडा आपल्याजवळ ठेवण्यासारखें आहे.

आणि या अडचणींवर सरकारनें काय उपाय केला? शाळेकडे पैसा पाठविण्याची रीत मागें पडली आणि एकगठ्ठा खरेदी करून धान्याचीं पोतींच शाळांकडे रवाना करण्याची रीत पुन्हा पुढें आली. पुढें हा कारभार भटक्या जमातींच्या शिक्षणासाठीं कायद्यानें नेमलेल्या राष्ट्रीय परिषदेकडे आला. या रीतीच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. एकदम घेतलें कीं भाव उतरतो. तपासणी एके ठिकाणीं होते. वाळवंटांतील शाळेला ट्रकवाल्याचे पाय धरावे लागत नाहींत. पण यांत काय हरवलें तें पाहा. दारावरची नोटीस गेली, समितीची वही गेली, ‘हा माल परत न्या’ म्हणणारी बाई पुन्हा रांगेंत उभी राहिली. पूर्वीं पोतें रोमच्या हुकुमानें येई, आतां नैरोबीच्या हुकुमानें येतें. निशाण बदललें. पोत्यापुढें उभ्या राहणाऱ्या माणसाची जागा बदलली नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं अडचणी समितीच्या नव्हत्या. पैसा उशीरां धाडला तो समितीनें नव्हे. शेतकऱ्याला उचल दिली नाहीं ती समितीनें नव्हे. यंत्र पुरविलें नाहीं तें समितीनें नव्हे. दोष वरच्यांचा आणि अधिकार गेला खालच्यांचा! हा न्याय आपल्या वाचकांच्या ओळखीचा असेल.

या सर्व प्रकरणांत एक खर्च असा आहे कीं तो कोणाच्याच वहींत नसतो. जेवण ‘फुकट’ म्हणतात. पण हंड्याखालचीं लांकडें कोण आणतें? पाणी कोण भरतें? आचाऱ्याचा पगार कोण देतें? केनियाच्या असंख्य शाळांत हें सारें आईबापांकडूनच येतें. पोर सकाळीं दप्तराबरोबर एक ढलपी किंवा पाण्याचा डबा घेऊन येतें. आचारी बाईचा पगार घरटीं वर्गणीनें भरतात, नाहींतर ती बिचारी चार घांसांवरच राबते. परकी संस्था असतांना हें असेंच होतें, सरकार आल्यावरही असेंच राहिलें. सोंपविणाऱ्या व घेणाऱ्या दोघांनीं टेबलावर सह्या केल्या. जिच्या पाठीवर सरपण होतें ती त्या टेबलाशीं नव्हती. आम्हांला विचाराल तर या पंगतीची खरी यजमानीण तीच. धान्याची किंमत धरली तशी तिच्या लांकडांची आणि मजुरीची किंमत धरा, म्हणजे दाता कोण आणि याचक कोण हा हिशेब अगदींच वेगळा निघेल.

केनियाच्या लोकांना हें अंगचें आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर केन्याटांनीं त्यांना ‘हराम्बे’ ही हांक दिली. तिचा अर्थ, सारे मिळून ओढा. त्या हांकेवर गांवोगांवच्या लोकांनीं कोंबड्या-बकऱ्या विकून, अंगमेहनत करून शेंकडों शाळा उभारल्या. २००३ सालीं प्राथमिक शिक्षण फुकट झालें तेव्हां शाळेंतील मुलांची संख्या सुमारें ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली, आणि दुसऱ्याच वर्षीं ८४ वर्षांचे किमानी मारुगे हे आजोबा पहिल्या इयत्तेंत येऊन बसले! ज्या लोकांना शिक्षणाची एवढी तहान, त्यांच्याविषयीं ‘फुकट मिळालें कीं आळशी होतात’ असें म्हणणाराची जीभ कशी रेटते कोण जाणे.

उलट्या बाजूचे शहाणेही आहेत. ते म्हणतात, सरकारें भ्रष्ट, तिजोऱ्या भोंकाच्या, तेव्हां परक्या संस्थेनेंच राहावयास हवें होतें. तिच्या वेळीं निदान हिशेब चोख होता. हिशेब चोख होता खरा, पण तो कोणाला दाखविला जात होता? दात्याला. तुर्कानांतील बापाला नव्हे. चोरी झाली तर दाता रागावे. बापाला रागावण्याचाही अधिकार नव्हता. आपल्या सरकारावर निदान रागावतां तरी येतें, त्याला मतपेटींत पाडतां येतें, कोर्टांत खेंचतां येतें. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील केप वर्दे हा चिमुकला बेटांचा देश १९७० च्या दशकापासून याच संस्थेचें अन्न खात होता. त्यानें २०१० सालीं तें सारें काम आपल्याकडे घेतलें आणि चालविलें. तेथें जमीन केनियाहून रुक्ष आहे. तेव्हां ‘यांना जमणार नाहीं’ हें भविष्य सांगणारांनीं जरा दमानें घ्यावें.

आणि केनियाच्या बापाजवळ रागावण्यासाठीं एक मोठें हत्यार आहे. २०१० सालच्या त्यांच्या घटनेच्या ५३ व्या कलमांत प्रत्येक मुलाचा फुकट व सक्तीच्या मूलभूत शिक्षणाचा हक्क आणि मूलभूत पोषणाचा हक्क शेजारीं शेजारीं लिहिलेले आहेत. पाटी आणि ताट एकाच कलमांत! आपल्याकडे २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सरकारी शाळांतून शिजविलेलें अन्न दिलेंच पाहिजे असा हुकूम दिला, त्यानंतरच शाळेंतील खिचडी ही कोणाची मेहेरबानी राहिली नाहीं. केनियांतील जेवण मात्र अजून अंदाजपत्रकांतील एका रकान्यावर जगतें. २०३० पर्यंत एक कोटी मुलांना जेवण देण्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें आहे. आंकडा मोठा आहे, आम्हांस त्याचें कौतुक आहे. पण पैसा सत्र सुरू होण्यापूर्वीं शाळेंत पडलाच पाहिजे, असें बंधन कायद्यानें सरकारवर घातल्यावांचून तो आंकडा न्यायोच्या दुधासारखाच पातळ राहील.

याच घटनेनें एक गंमतही करून ठेविली आहे. देशाचे ४७ परगणे पाडून बालवर्ग परगण्याकडे आणि प्राथमिक शाळा वरिष्ठ सरकारकडे दिल्या. दोन्ही वर्ग पुष्कळदां एकाच आवारांत भरतात. त्यामुळें दहा वर्षांच्या थोरल्या भावाचा हंडा एका तिजोरींतून आणि चार वर्षांच्या धाकटीचा दुसऱ्या तिजोरींतून. एक तिजोरी उघडली आणि दुसरी मिटलेली राहिली तर थोरल्यानें आपल्या ताटांतील अर्धें धाकटीला द्यावें. आणि तो तें देतोही! पण सरकारें भावंडांच्या मायेवर चालवावयाचीं असतात काय?

राजधानी नैरोबी येथें अलीकडे निराळा प्रयोग चालू आहे. वावीरा न्जीरू या केनियाच्याच बाईनें २०१२ सालीं रुइरू गांवीं थोड्याशा मुलांना जेवण देण्यास सुरुवात केली. तिच्या संस्थेनें नैरोबी परगण्याबरोबर २०२३ सालीं मोठीं स्वयंपाकघरें उभारलीं. मूल रोज ५ शिलिंग देतें. मनगटावरच्या पट्टीनें तें मोजलें जातें. उरलेला खर्च परगणा आणि संस्था वांटून घेतात. यांतील एक गोष्ट आम्हांस पटते: पांच शिलिंग देणारी आई भात कच्चा राहिला तर भांडूं शकते. पण शहराच्या झोंपडपट्टींतील पांच शिलिंग आणि तुर्कानांतील पांच शिलिंग एक नव्हेत. जेथें शेळी मेली म्हणजे सारें घर मेलें, तेथें पट्टी मनगटावर बांधून काय मोजणार?

मोंबासा-नैरोबी रस्त्यावर माकिंडू नांवाचें गांव आहे. रेल्वेचा रूळ टाकावयास हिंदुस्थानांतून गेलेल्या माणसांपैकीं शिखांनीं तेथें १९२६ सालीं गुरुद्वारा बांधला. आजही जातां-येतां कोणीही, कोणत्याही जातीचा, वर्णाचा माणूस तेथें बसून जेवून जातो. तें अन्नछत्र आजवर कोणी कोणाला ‘सोंपविलें’ नाहीं, कारण तें चालविणारे तेथलेच आहेत. परंतु या उदाहरणानें कोणी हुरळूं नये. पंधरा लाख मुलांचें दुपारचें जेवण भाविकांच्या हुंडीवर टाकणें हा सरकारनें अंग काढून घेण्याचा राजमार्ग होईल. आम्हांस त्या गुरुद्वाऱ्यांतून एवढीच गोष्ट उचलावयाची आहे कीं तेथें शिजविणारा, वाढणारा आणि जेवणारा एकाच चटईवर बसतात, आणि डाळींत मीठ कमी असलें तर तें तिघांनाही कळतें.

आतां शेवटीं ज्यांच्याविषयीं बोलतांना आम्हांला अवघड जातें त्यांच्याकडे येतों. याच तुर्कानांत १९९२ पासून काकुमा नांवाची निर्वासितांची छावणी आहे. गारिसा परगण्यांत त्याच्या आदल्या वर्षापासून दादाबची. दक्षिण सुदान, सोमालिया इत्यादि देशांतून जीव घेऊन पळालेल्या लाखों माणसांची ही वस्ती. २०१८ सालीं केनियाच्या मुलांची पळी केनियाच्या सरकारकडे गेली. छावणींतील मुलांची पळी परक्या संस्थेकडेच राहिली, कारण ती घ्यावयास कोणी पुढें आलें नाहीं. त्यांचें सरकार त्यांच्यावर बंदूक रोखून होतें, नाहींतर नव्हतेंच. २०२५ सालीं अमेरिकेनें आपली परदेशी मदतीची कचेरी मोडून टाकली, इतर धनवान राष्ट्रांनींही हात आखडला, आणि काकुम्यांतील माणसांचें रेशन कापावें लागलें. लोक रस्त्यावर आले. त्या मुलांच्या वतीनें ५३ वें कलम कोण वाचून दाखविणार? त्या कलमांत ‘प्रत्येक मूल’ असे शब्द आहेत. ‘केनियाचें प्रत्येक मूल’ असे नाहींत. छावणीच्या कुंपणाबाहेरील शाळेंत तुर्काना पोर आणि कुंपणाच्या आंतील शाळेंत सुदानी पोर, दोघेही एकाच वेळीं, एकाच उन्हांत, दुपारच्या घंटेकडे कान लावून बसलेले असतात.